मंदाई धर्मात सूर्य: प्रार्थनेची वेळ त्याची, दिशा मात्र उत्तर

वाहतं_पाणी

इराकच्या दक्षिणेला तिग्रिस-युफ्रेटिसच्या काठाने आणि इराणच्या खुझेस्तान प्रांतात कारून नदीवर मंदाई नावाचा एक जुना समाज राहतो. इराकी लोक त्यांना सुब्बा म्हणतात, जुन्या अरबी ग्रंथांत ते साबियन म्हणून येतात. त्यांची धर्मभाषा मंदाई ही पूर्वेकडच्या अरामीची एक शाखा आहे, लिपी स्वतःची आहे, आणि धर्माचा गाभा वाहत्या पाण्यातलं स्नान हा आहे. २००३ नंतर बहुतेकांना इराक सोडावा लागला. आज सगळ्या जगात मिळून साठ-सत्तर हजार असतील.

त्यांची ओळख करून देताना 'ग्रहतारे पूजणारे' असं पटकन लिहून टाकलं जातं. मला हे मनापासून खटकतं. म्हणून फक्त सूर्यापुरता हा धागा काढतेय. सूर्यावरून त्यांच्या सगळ्या विश्वाची मांडणी कळते असं माझं मत आहे.

आधी दिनक्रम बघा. सूर्य उगवण्याआधी माणूस वाहत्या पाण्याशी जाऊन 'रिशामा' करतो. हे रोजचं शुद्धीकरण आहे, त्याला पुरोहित लागत नाही. हातपाय, तोंड, कान, नाक धुताना प्रत्येक वेळी ठरलेले शब्द म्हणायचे. मग 'बराखा', म्हणजे प्रार्थना. ती पहाटे, दुपारी आणि सूर्यास्ताआधी. 'मस्बुता', म्हणजे पुरोहिताच्या हातून होणारं मोठं स्नान, रविवारी आणि दिवसाउजेडी. कोंबडी किंवा मेंढा मारायचा तोही सूर्य वर असतानाच. सगळं घड्याळ सूर्याचं आहे.

आणि या सगळ्या वेळी तोंड उत्तरेकडे असतं. पहाटे पूर्व उजळत असतानाही. 'मंदी' म्हणजे त्यांचं पूजास्थान, त्याचं दार दक्षिणेला ठेवतात, म्हणजे आत पाऊल टाकणारा आपोआप उत्तराभिमुख होतो. मेलेल्या माणसालाही असं ठेवतात की तो उठून उभा राहिला तर उत्तरेकडे बघेल. कारण 'आल्मा द-न्हुरा', प्रकाशाचा लोक, त्या बाजूला आहे. तिथे 'हय्यी रब्बी', महान जीवन, राहतं. ध्रुवतारा त्या दिशेची खूण आहे, पूजेची वस्तू नाही.

मग सूर्य कोण? त्यांच्या भाषेत त्याचं नाव शामिश. तो 'सातां'पैकी एक. शामिश, सिन (चंद्र), निरिग (मंगळ), नबू (बुध), बिल (गुरू), लिबात (शुक्र), कीवान (शनी). ही जवळपास सगळी नावं बाबिलोनच्या देवांची आहेत. पण मंदाईंच्या कथेत ते देव राहिलेले नाहीत. रूहा ही अंधाराच्या बाजूची आत्मशक्ती आणि ऊर नावाचा राक्षसी नाग, या दोघांची ही मुलं. बारा राशीही त्यांचीच. आत्मा देह सोडून वर निघाला की वाटेत 'मतर्ता' म्हणजे चौक्या लागतात, आणि या चौक्यांवर पहारा असतो तो या मंडळींचा. शामिशसुद्धा त्या पहारेकऱ्यांत आहे. म्हणजे ज्याच्या उजेडात माणूस आयुष्यभर स्नान आणि प्रार्थना करतो, त्यालाच मेल्यावर ओलांडून जायचं आहे.

या धर्माचा मुख्य ग्रंथ 'गिंझा रब्बा', महान खजिना. त्याचे दोन भाग, उजवा आणि डावा, एकाच बांधणीत एकमेकांच्या उलटे शिवलेले. उजव्या गिंझाच्या सुरुवातीच्या भागातच बजावलंय की सूर्यचंद्राची स्तुती करू नका. कारणही दिलंय: त्यांचं तेज त्यांचं स्वतःचं नाही, या अंधाऱ्या जगात उजेड पडावा म्हणून ते त्यांना वरून दिलेलं आहे. मला हे कारण फार महत्त्वाचं वाटतं. सूर्य खोटा आहे, दुष्ट आहे, एवढं म्हणून ग्रंथ थांबत नाही. उजेड खरा आहे, फक्त तो त्याच्या मालकीचा नाही.

ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी भर घालावी, प्रश्न विचारावेत.

गोदाकाठचा

फार छान लिहिलंत ताई. पहाट, दुपार, संध्याकाळ ऐकलं की आपली त्रिकाळ संध्या आठवतेच. पाणीही आहेच. तिथे अर्घ्य सूर्याला दिलं जातं, इथे सूर्याकडे जवळजवळ पाठ. हा फरक मुद्दाम केला असेल का? म्हणजे आजूबाजूला सूर्याकडे बघून प्रार्थना करणारे लोक होते म्हणून?

वाहतं_पाणी

गोदाकाठचा, आजूबाजूला सूर्याकडे वळणारे भरपूर होते, एवढं नक्की. उत्तर इराकातले यझिदी आजही उगवत्या सूर्याकडे तोंड करून प्रार्थना करतात. वायव्येकडे हत्रा शहर तर शामशचं शहर म्हणूनच ओळखलं जायचं, तिथल्या नाण्यांवरही तसं कोरलेलं आहे. आणि मंदाईंच्या अगदी दाराशी, आजच्या नासिरियाजवळ, लार्सा. बाबिलोनी काळात तिथे सूर्यदेव शामशचं 'एबब्बर' नावाचं मोठं देऊळ होतं. त्याच नावाचं दुसरं देऊळ उत्तरेला सिप्पारला. हम्मुराबीच्या कायद्याच्या शिळेवर वर बसलेला देव शामशच आहे, न्यायाचा देव. त्या प्रदेशात दोन हजारांहून जास्त वर्षं ज्याला सत्य आणि न्यायाचा स्वामी मानलं, त्यालाच मंदाई ग्रंथांनी चौकीवर पहारेकरी म्हणून उभं केलं. न्यायाचा तराजूही त्याच्याकडे ठेवला नाही. तो गेला अबातुरकडे. अबातुर उत्तरेला बसून आत्मे तोलतो, दुसऱ्या पारड्यात आदमचा मुलगा शितिल याचा अत्यंत शुद्ध आत्मा ठेवून. ही अदलाबदल आपोआप झाली असं मला वाटत नाही.

जन्मलग्न

ज्योतिषाचा अभ्यास करतो म्हणून विचारतो. ग्रह जर अंधाराची मुलं, तर यांच्याकडे ज्योतिष नसणार. पण मी वाचलंय की यांचे पुरोहित राशीवरून नाव काढून देतात. हे कसं काय?

वाहतं_पाणी

दोन्ही खरं आहे. त्यांच्याकडे 'अस्फर मल्वाशा' म्हणून राशींचं पुस्तकच आहे. मूल जन्मलं की पुरोहित जन्मवेळ आणि आईचं नाव घेऊन गणित करतो आणि एक धार्मिक नाव काढतो. त्याला मल्वाशा म्हणतात. हे नाव रोजच्या व्यवहारात नसतं, स्नान, लग्न, मृत्यूनंतरचे विधी यांत वापरतात, आणि ओळख आईच्या नावाने: अमकीचा मुलगा अमका. आपल्याकडे नावरसाचं नाव पत्रिकेत राहतं आणि शाळेत दुसरंच, तसं काहीसं.

यात विसंगती वाटते, पण त्यांच्या दृष्टीने नाही. सातांची या जगावर सत्ता आहे हे ते नाकारतच नाहीत. देह या जगाचा आहे, म्हणून देहावर ग्रहांचा अंमल चालतो. आत्मा इथला नाही, म्हणून त्याने ग्रहांपुढे वाकायचं नाही. पहारेकऱ्याचा स्वभाव माहीत असणं वेगळं आणि त्याची पूजा करणं वेगळं.

शिलालेख

ताई, तुमचा लेख आवडला, तरी मतभेद नोंदवतो. तुम्ही फक्त ग्रंथाची बाजू मांडताय. ग्रंथात 'करू नका' असं लिहावं लागतं तेव्हा कोणीतरी ते करत असतं. मेसोपोटेमियात घरांच्या उंबऱ्याखाली पुरलेले मंत्र लिहिलेले मातीचे वाडगे सापडतात, साधारण पाचव्या ते सातव्या शतकातले. त्यातले बरेच मंदाई लिपीत आहेत. शिशाच्या पत्र्यांच्या गुंडाळ्याही आहेत. त्या मंत्रांत शामिश, सिन, लिबात यांची नावं येतात, कधी त्यांना बांधून घालण्यासाठी आणि कधी त्यांच्या नावाने काम करून घेण्यासाठी. सामान्य माणसाचा सूर्याशी संबंध पुरोहितांच्या ग्रंथाइतका कोरडा नव्हता. शिवाय हर्रानचे साबियन तर उघड ग्रहपूजक होते. सगळा धूर बिनआगीचा कसा?

वाहतं_पाणी

शिलालेख, हर्रान वेगळं काढूया, ते सगळ्यात जास्त घोळ करतं.

हर्रान आजच्या तुर्कस्तानात, सीरियाच्या सीमेजवळ. तिथे चंद्रदेव सिनचं प्राचीन देऊळ होतं आणि इस्लामी काळातही ग्रहांची पूजा चालू होती. कुराणात 'साबियन' हे नाव तीन ठिकाणी येतं, ज्यू आणि ख्रिस्ती यांच्याबरोबर. ते नाव म्हणजे संरक्षण होतं, कारण कुराणात नाव असलेल्या ग्रंथवाल्या धर्मांना मुसलमान राज्यात आपला धर्म पाळता यायचा. बगदादचा जुना ग्रंथसूचीकार इब्न अल-नदीम सांगतो की खलिफा अल-मामून ८३० च्या सुमारास हर्रानवरून जात असताना त्याने तिथल्या लोकांना त्यांचा धर्म विचारला, आणि त्यानंतर त्यांनी साबियन हे नाव घेतलं. तेव्हापासून दक्षिण इराकच्या दलदलीतले स्नान करणारे साबियन, म्हणजे मंदाई, आणि हर्रानचे ग्रह पूजणारे साबियन एकाच नावाखाली आले. हर्रानच्या लोकांबद्दल जे लिहिलं गेलं ते मंदाईंच्या माथी बसलं.

लोकाचाराबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला पटतं, आणि त्याचा उत्तम पुरावा वाडग्यांपेक्षा जवळचा आहे. एथेल स्टेफाना ड्रॉवर या इंग्रज बाई, नवरा इराक सरकारच्या न्याय खात्यात सल्लागार, स्वतः वर्षानुवर्षं मंदाई पुरोहितांबरोबर बसल्या, हस्तलिखितं गोळा केली (ती आज ऑक्सफर्डला आहेत) आणि १९३७ साली त्यांच्यावर पुस्तक काढलं. त्यांनी ऐकलेल्या कथांत शामिश बराच सौम्य आहे. तो आकाशातून नावेतून जातो. नावेत त्याच्याबरोबर दहा तेजस्वी सोबती असतात. झुहैर, झहरून अशी त्यांची नावं, आणि ते प्रकाशाच्या बाजूचे आहेत. नावेला 'द्रब्शा' आहे. द्रब्शा म्हणजे मंदाईंचं निशाण: आडव्या-उभ्या काठीवर पांढरं रेशमी वस्त्र आणि मेंदीसारख्या सुवासिक मर्टल झुडपाची डहाळी. नदीकाठी स्नानाच्या वेळी ते रोवतात. लांबून बघणाऱ्याला ते क्रॉससारखं वाटतं, पण ते प्रकाशाचं चिन्ह आहे. 'दिवान अबातुर' या चित्रांच्या लांब गुंडाळीत ग्रहांच्या नावा काढलेल्या आहेत, सरळ रेषांच्या, चौकोनी, विलक्षण देखण्या.

या कथांत सूर्य चांगला होतो तो कशामुळे, ते बघा. त्याच्याबरोबर प्रकाशलोकाची माणसं बसली आहेत आणि नावेला प्रकाशलोकाचं निशाण आहे म्हणून. गिंझातलं कारण आणि लोककथा एकच गोष्ट सांगतात. ग्रंथ ती बजावून सांगतो, आणि कथा प्रेमाने.

स्वतः ड्रॉवर बाईंचा निष्कर्षही असाच होता की मंदाई आकाशातल्या ज्योतींची पूजा करत नाहीत. त्यांच्यात चैतन्य आहे, माणसाच्या आयुष्यावर त्यांचा परिणाम होतो, पण ते प्रकाशराजाचे ताबेदार आहेत, असं ते मानतात.

ध्रुवमत्स्य

अल-बिरूनीचा उल्लेख इथे यायलाच हवा. भारतावर लिहिणारा तोच बिरूनी. इसवी १००० च्या आसपास त्याने निरनिराळ्या लोकांच्या कालगणनांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात तो दोन साबियनांत स्पष्ट फरक करतो. खरे साबियन इराकातल्या वासित शहराच्या आसपासच्या भागातले, आणि प्रार्थना करताना ते उत्तर ध्रुवाकडे वळतात. हर्रानवाले दक्षिणेकडे. हजार वर्षांपूर्वी एका माणसाने दिशेवरून त्यांना वेगळं ओळखलं होतं आणि तरी नंतरच्यांनी पुन्हा एकत्र केलं, हे वाईट वाटण्यासारखं आहे.

गोदाकाठचा

नावेची गोष्ट वाचून मानी हा धर्मसंस्थापक आठवला. त्याच्या धर्मातही सूर्यचंद्र नावा आहेत ना?

वाहतं_पाणी

हो, आणि तुलना फार बोलकी आहे! मानी जन्मला २१६ मध्ये, बाबिलोनियातच, आणि वाढला एका स्नानपंथी समाजात. मंदाईंचा तो पंथ नव्हे, पण शेजार तोच. मानीच्या धर्मात सूर्य आणि चंद्र ही प्रकाशाची जहाजं आहेत. जगात अडकलेला प्रकाश सुटून चंद्राच्या नावेत भरतो, म्हणून चंद्र वाढतो, मग तो सूर्याकडे सोपवतो, म्हणून चंद्र कमी होतो. त्याचे अनुयायी दिवसा सूर्याकडे आणि रात्री चंद्राकडे तोंड करून प्रार्थना करायचे. म्हणजे चित्र एकच, आकाशातली नाव. मानीने त्या नावेला नमस्कार केला. मंदाईंनी नाव ठेवली, नावेतले प्रकाशाचे सोबती ठेवले, आणि नमस्कार मात्र उत्तरेला केला.

शिलालेख

ही मांडणी मला पटण्यासारखी आहे. एक गोष्ट मात्र धाग्यात यावी. गिंझामध्ये शामिशला काही ठिकाणी 'अदोनाय' म्हटलंय, म्हणजे ज्यूंच्या देवाचं नाव. तसंच नबूला, म्हणजे बुधाला, ख्रिस्ताशी जोडलंय. हे साधं ग्रहवर्णन नाही, हा शेजाऱ्यांशी चाललेला वाद आहे. सूर्याबद्दलची कडवट वाक्यं वाचताना तिथे खरोखर आकाशातला सूर्य आहे की दुसऱ्या धर्माचा देव आहे, ते प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

वाहतं_पाणी

शंभर टक्के सहमत. म्हणूनच गिंझा एका सुरात वाचता येत नाही. निरनिराळ्या काळातले, निरनिराळ्या हातांचे भाग त्यात एकत्र आले आहेत. एका भागात सूर्याला तेज दिल्याची शांत निर्मितीकथा आहे: सूर्याला झळाळी, चंद्राला चमक, ताऱ्यांना लकाकी दिली गेली. दुसऱ्या भागात तोच सात भामट्यांपैकी एक. दोन्ही एकाच ग्रंथात शेजारी आहेत आणि पुरोहितांनी एकही काढून टाकलं नाही.

दादरची_फिरोजा

मी पारशी आहे, आमच्या घरी शहेनशाही पंचांग चालतं. मंदाई वर्ष ३६५ दिवसांचं आणि लीप दिवस नसलेलं आहे असं मी ऐकलं होतं. आमचंही तसंच! तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच गाथांचे दिवस. म्हणून आमचं नवं वर्ष सरकत सरकत ऑगस्टच्या मध्यावर आलंय. या दोघांचा काही संबंध आहे का?

वाहतं_पाणी

फिरोजाताई, बरं झालं तुम्ही लिहिलंत. मंदाई पंचांगही तसंच आहे: बारा त्रिक तीस, अधिक पाच. फक्त त्यांचे पाच दिवस वर्षाच्या शेवटी नाहीत, आठव्या महिन्यानंतर येतात. दोन्ही समाज इस्लामपूर्व इराणच्या सासानी साम्राज्यात शतकानुशतकं राहिले आणि तिथलं वर्ष असंच होतं. तुमच्या गाथांच्या जागी त्यांचे 'परवनाया'चे पाच दिवस येतात. इराकात त्याला 'पंजा' म्हणतात, तुम्हाला तो शब्द लगेच लागेल. सध्या ते मार्चच्या मध्याच्या आसपास पडतात. नवं वर्ष, 'देहवा रब्बा', जुलैत.

आणि इथे सूर्याची गोष्ट पुन्हा येते. मंदाई महिन्यांना राशींची नावं आहेत. वर्षाचा पहिला महिना कुंभ, त्यांच्या भाषेत दौला. पण चार वर्षांत एक दिवस या हिशेबाने वर्ष सरकत गेलं, त्यामुळे आज कुंभेचा महिना सुरू होतो तेव्हा सूर्य कुंभेत नसतो, तो कर्केच्या आसपास असतो. ऋतूंची नावंही अशीच घसरली आहेत. पंचांग सूर्याशी जुळवून घ्यावं अशी निकड त्यांना वाटली नाही.

परवनायाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला तो या सगळ्या विषयातला सर्वात सुंदर भाग वाटतो. वर्षभर स्नान फक्त दिवसा, प्राणी मारणं फक्त दिवसा. परवनायाच्या पाच दिवसांत हा नियम उठतो. हे पाच दिवस मिळून एक अखंड दिवस मानतात, त्यात रात्र येतच नाही. सूर्य मावळतो, अंधार पडतो, तरी विधीच्या दृष्टीने उजेडच असतो, आणि रात्रीही विधी चालू राहू शकतात. प्रकाशलोकाची दारं त्या दिवसांत उघडी असतात. त्या काळात ज्याला मरण येतं तो भाग्यवान, कारण त्याला चौक्यांवर अडकावं लागत नाही. एरवी आत्मा तिसऱ्या दिवशी देहापासून सुटतो आणि मग पंचेचाळीस दिवसांचा प्रवास करतो.

म्हणजे वर्षाचे ३६० दिवस विधी सूर्याच्या उजेडावर चालतात. पाच दिवस त्यांना सूर्याची गरज नसते. 'तेज त्याचं स्वतःचं नाही' हे वाक्य इथे प्रत्यक्ष पाळलं जातं.

दादरची_फिरोजा

आमच्याकडे त्या दिवसांत, मुक्तादमध्ये, गेलेल्यांचे आत्मे घरी येतात. तुमच्या लिहिण्यात जाणाऱ्या आत्म्यांना वाट मोकळी होते. पाच जास्तीच्या दिवसांत दोन्हीकडे दार उघडतं हे वाचून खूप जवळचं वाटलं. आणि नवीन वर्षाच्या दिवशी काय करतात? आमच्यासारखं नटूनथटून भेटीगाठी?

वाहतं_पाणी

अगदी उलट. देहवा रब्बाला ३६ तास घरात बंद राहतात. प्रकाशलोकातले सगळे रक्षक निर्मितीच्या आठवणीला महान जीवनाकडे गेलेले असतात, जग राखणीशिवाय उरतं. म्हणून आदल्या दिवशी स्नान, पाणी भरून ठेवणं, मग दारं बंद. त्या वेळात नदीच्या पाण्यालाही हात लावत नाहीत. बाहेर जुलैचं ऊन रणरणत असतं, सूर्य रोजच्यासारखा उगवतो, पण तेवढ्याने जग सुरक्षित होत नाही.

मांडवीतीर

गोंयांतून लिहितोय. सतराव्या शतकात बसऱ्याला पोर्तुगीज आणि कार्मेलाइट पाद्री होते. स्नान बघून आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं नाव त्यांच्या तोंडून ऐकून त्यांनी या लोकांना 'सेंट जॉनचे ख्रिस्ती' ठरवलं. इग्नातियस या कार्मेलाइटाने १६५२ साली रोममध्ये त्यांच्यावर लॅटिन पुस्तक छापलं. त्यांना पोर्तुगीज मुलखात, मस्कत आणि गोव्याच्या बाजूला आणून वसवायचे प्रयत्नही झाले. म्हणजे मुसलमान राज्यात त्यांना ताऱ्यांचे पूजक म्हटलं, ख्रिस्त्यांनी चुकलेले ख्रिस्ती म्हटलं. त्यांना स्वतःला काय वाटतं ते विचारायला फार उशीर लागला.

कलम_तेरा

मांडवीतीर यांच्या मुद्द्याला जोडून. हा प्रश्न नुसता अभ्यासकांचा नाही. इराणच्या १९७९ च्या राज्यघटनेचं तेरावं कलम अल्पसंख्य म्हणून फक्त झरतुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती यांनाच मान्यता देतं. मंदाई त्यात नाहीत, म्हणून शिक्षण आणि नोकरीत त्यांची अडचण होते. उलट इराकच्या २००५ च्या घटनेत दुसऱ्या कलमातच ख्रिस्ती आणि यझिदींबरोबर मंदाई साबियनांचं नाव आहे. तरीही त्यानंतरच्या हिंसाचारात त्यांचे सोनार-चांदीकार लुटले गेले, माणसं मारली गेली. 'हे ग्रंथवाले की तारे पूजणारे' या एका प्रश्नाच्या उत्तरावर माणसांचा जीव टांगलेला असतो. तेव्हा 'सूर्यपूजक' हा शब्द सहज वापरू नये, ही धागाकर्तीची कळकळ रास्त आहे.

सिडनीकर_मी

खूप दिवसांनी इतका चांगला धागा वाचला. आमच्या सिडनीत मंदाईंची मोठी वस्ती आहे. पश्चिमेला पेनरिथजवळ नेपियन नदीवर त्यांची स्नानं होतात, पांढऱ्या पोशाखातली माणसं नदीत उभी असतात. वर वाचताना एक शंका आली. इथे दुपारी सूर्य उत्तरेला असतो. म्हणजे इथला मंदाई दुपारच्या प्रार्थनेला उत्तरेकडे वळला की तो थेट सूर्यासमोर उभा राहणार! इराकात असं कधी होत असेल का?

ध्रुवमत्स्य

नाही, इराकात कधीच होत नाही. बगदाद साधारण ३३ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या बरंच वर. तिथे वर्षातल्या कुठल्याही दिवशी मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेलाच असतो. मुंबईत मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येतो आणि नंतर काही आठवडे सूर्य डोक्यावरून उत्तरेला झुकतो, तेवढंही तिकडे होत नाही. म्हणून इराकात दुपारी प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या माणसाच्या पाठीवर ऊन असतं आणि त्याची सावली त्याच्या पुढे, उत्तरेकडे पडते.

सिडनी सुमारे ३४ अंश दक्षिणेला, जवळजवळ आरशातलं प्रतिबिंब. तिथे मध्यान्हीचा सूर्य वर्षभर उत्तरेलाच. ऊन तोंडावर, सावली मागे. शिवाय ध्रुवतारा तिथून कधीच दिसत नाही, तो क्षितिजाच्या खाली राहतो. म्हणजे उत्तरेची रात्रीची खूण गेली, आणि त्या बाजूच्या आभाळात दिवसा शामिश.

वाहतं_पाणी

सिडनीकर, हा प्रश्न मला अतिशय आवडला. ध्रुवमत्स्य यांनी सांगितल्यामुळे चित्रही स्पष्ट झालं.

माझ्या समजुतीप्रमाणे विचार करते. प्रार्थना ध्रुवताऱ्याची असती तर तो दिसेनासा झाल्यावर अडचण झाली असती. सूर्य टाळण्यासाठी उत्तर निवडलेली असती तर सिडनीत दिशा बदलावी लागली असती. पण दिशा ठरते ती प्रकाशलोकावरून. आता मध्ये सूर्य आला तर आला. आत्म्यालाही वर जाताना शामिशची चौकी ओलांडूनच पुढे जायचं असतं. सिडनीतला मंदाई भर दुपारी डोळे किलकिले करून उभा असेल, तेव्हा तो सूर्याकडे नव्हे, सूर्याच्या पलीकडे बघत असतो.

सिडनीकर_मी

पटलं. स्वीडनमध्येही बरेच मंदाई आहेत ना? तिथे डिसेंबरात दिवस किती लहान! रविवारची स्नानं उजेडात उरकायची म्हणजे परीक्षाच.

ध्रुवमत्स्य

दक्षिण स्वीडनमध्ये, लुंड-माल्मोच्या पट्ट्यात, डिसेंबरात उजेड सातेक तासच मिळतो, आणि सूर्य क्षितिजापासून फार वर चढतही नाही.

वाहतं_पाणी

लुंडजवळ दाल्बी गावात त्यांनी मोठी मंदी बांधली आहे, २०१८ पासून ती सुरू आहे. स्नान म्हणजे पाण्यात तीन वेळा पूर्ण बुडणं, ओंजळीने तीन वेळा पाणी पिणं, कपाळाला तिळाचं तेल, मग भाकरी आणि पाणी. प्रत्येक माणसामागे पुरोहिताला वेळ द्यावा लागतो आणि तो स्वतः तेवढा वेळ पाण्यात असतो. पुरोहित आधीच फार थोडे उरलेत. १८३१ च्या पटकीच्या साथीत तर एकूण एक पुरोहित गेले होते, आणि पुरोहितांच्या घरातल्या याह्या बिहराम आणि राम झिहरून या दोन शिकलेल्या तरुणांनी एकमेकांना दीक्षा देऊन परंपरा पुन्हा उभी केली. तेव्हा सात तासांच्या उजेडात सगळ्यांना स्नान कसं द्यायचं, हा प्रश्न तिथल्या तरमिदांसाठी, म्हणजे पुरोहितांसाठी, धर्मशास्त्राइतकाच महत्त्वाचा असणार. स्वीडनमधून कोणी वाचत असेल तर तिथल्या हिवाळ्यातल्या स्नानांबद्दल जरूर लिहा.